बँकॉक एका दिवसात? जरूर करा, पण गाइडचे पैसे कोण देतं ते आधी विचारा



गेल्या आठवड्यात इथे एका ताईंनी विचारलं होतं, "भारतात जाताना बँकॉकला १९ तासांचा स्टॉपओव्हर मिळतोय, दोन मुलं आणि सासूबाई सोबत आहेत, गाइडेड डे टूर घ्यावी का?" खाली धडाधड उत्तरं आली. अर्ध्या लोकांनी ११ ठिकाणांची यादी दिली. उरलेल्या अर्ध्यांनी नाक मुरडलं : "आम्ही असलं टुरिस्टी काही करत नाही, गाइड कशाला, यूट्यूबवर सगळं आहे."

मला दोन्ही उत्तरं पटली नाहीत. कमेंट लिहायला बसले आणि ती एवढी लांबली की म्हटलं वेगळी पोस्टच टाकावी. चहा घेऊन बसा.

आधी माझं मत सांगून टाकते. लहान मुलं आणि सत्तरीतली माणसं बरोबर असतील तर गाइड घ्याच. त्यात कमीपणा काही नाही. पण ती स्वस्तातली, "टॉप हायलाइट्स, एसी व्हॅन, जेवणासकट" वाली टूर घेऊ नका. आम्ही डिसेंबरात दोन्ही प्रकार केले, दोन दिवसांच्या अंतराने, त्याच शहरात, त्याच पाच माणसांनी. त्यामुळे माझ्याकडे तुलना करायला आकडे आहेत, आणि पेशाने सीए असल्यामुळे आकडे दिसले की माझा हात कॅल्क्युलेटरकडे जातोच.

तर झालं असं. आई तीन महिन्यांसाठी सांगलीहून आमच्याकडे दुबईला आली होती. वय ७१, गुडघे कुरकुरणारे, उत्साह मात्र माझ्या दुप्पट. मुलांना शाळेची सुट्टी होती आणि मला इयर-एंडच्या आधी कसेबसे पाच दिवस मिळाले होते. नवऱ्याने ऑनलाइन टूर बुक केली : ग्रँड पॅलेस, वाट फो, वाट अरुण, हॉटेलवरून पिकअप, जेवण, इंग्रजी बोलणारा गाइड, सगळ्या तिकिटांसकट माणशी १२०० बाट. एका दिरहमला साधारण नऊ बाट पडतात, म्हणजे १३० दिरहमच्या आसपास. "बघ, दुबईत एवढ्यात चौघांचा ब्रंचसुद्धा होत नाही," असं तो म्हणाला आणि मीही मान डोलावली. माझी चूक तिथेच झाली. क्लायंटने एवढा स्वस्त कोट माझ्यासमोर ठेवला असता तर मी लगेच विचारलं असतं, बाबा रे, हे परवडतंय कसं?

कारण हिशोब अगदी सोपा आहे. ग्रँड पॅलेसचं परदेशी माणसाचं तिकीट ५०० बाट. वाट फोचं ३००. वाट अरुणचं २००. झाले हजार. राहिले माणशी २००. आमच्या व्हॅनमध्ये १२ जण होतो, म्हणजे २४०० बाट. त्यात व्हॅन, डिझेल, ड्रायव्हर, गाइडचा दिवस, १२ माणसांचं जेवण, बुकिंग साइटचं कमिशन आणि कंपनीचा नफा बसवायचा. बसवून दाखवा. नाही बसत. याचा अर्थ बाकीचे पैसे दुसरं कुणीतरी भरतंय, आणि जो भरतोय तो काही धर्मादाय म्हणून भरत नाहीये.

सकाळी आठला आम्ही व्हॅनमध्ये बसलो. पुढचे ८० मिनिटं इतर हॉटेलांमधून लोक गोळा करण्यात गेली. मग ग्रँड पॅलेस. तिथे दारातच नियम कळला की खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. नवरा हाफ पँटमध्ये, त्यामुळे त्याला समोरच्या दुकानातून हत्तींची चित्रं असलेली ढगळ पॅन्ट घ्यावी लागली. आमच्या व्हॅनमध्ये नियमात चोख बसणारी एकच व्यक्ती होती, सुती नऊवारी नेसलेली माझी आई. तिने तो मान दिवसभर मिरवला.

आत आम्हाला मिळाली ५० मिनिटं. १७८२ साली चक्री घराण्याच्या पहिल्या राजाने, म्हणजे पहिल्या रामाने, नदीच्या या काठावर राजधानी आणली तेव्हापासूनचा तो परिसर आहे. पन्नास मिनिटांत त्याचं काय होणार? गाइड झेंडा उंच धरून पुढे, आम्ही मागे. इथे फोटो, तिथे फोटो. पाचूचा बुद्ध (तो पाचूचा नाही, हिरव्या जेडचा आहे, पण नाव तेच रूढ आहे) ज्या मंदिरात आहे त्याच्या आत पाच मिनिटं. मंदिराच्या भोवती एक लांबच लांब ओवरी आहे, तिच्या भिंतीभर चित्रं. माझी तेरा वर्षांची लेक एका चित्रापाशी थबकली. पांढरं माकड, समुद्र आणि एक मासोळीची शेपटी असलेली बाई. तिने विचारलं, "आई, इज धिस आवर रामायण?"

मी गाइडकडे पाहिलं. तो बिचारा २५-२६ वर्षांचा पोरगा, घड्याळाकडे बघत म्हणाला, "येस येस, रामायण, सेम सेम इंडिया. टेन मिनिट, मॅडम, प्लीज." मीही लेकीला तेच सांगितलं, "हो गं, आपलीच गोष्ट, चल." खरं सांगायचं तर मासोळीची शेपटी असलेली बाई रामायणात कुठून आली हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं. वेळ नव्हता हे निमित्त मला बरंच पडलं.

वाट फोला २५ मिनिटं. पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे. त्याच्या तळपायांवर शिंपल्यांच्या जडावाची १०८ शुभचिन्हं आहेत आणि मागच्या बाजूला १०८ वाडगी ओळीने मांडलेली आहेत. सुटी नाणी घेऊन एकेक टाकत जायचं. धाकट्याला हा प्रकार इतका आवडला की तो सावकाश मोजून टाकायला लागला. साठाव्या वाडग्याला गाइडने त्याला उचलूनच पुढे नेलं. वाट अरुणला ३५ मिनिटं. (वाट म्हणजे देऊळ. हे कळल्यापासून धाकटा प्रत्येक देवळापाशी "वाट लागली" म्हणून हसत सुटायचा. आठ वर्षांचा आहे, चालायचंच.)

मग जेवण, ४५ मिनिटं. आणि मग "अ शॉर्ट स्टॉप, नो नीड टू बाय." रत्नांचं दुकान, ६५ मिनिटं. त्यानंतर चामड्याच्या वस्तूंचं, ३५.

रत्नांच्या दुकानात शिरतानाच प्रत्येक कुटुंबामागे एक विक्रेती लागली. आमच्या वाटची मुलगी इतकी गोड की विचारू नका. आईला खुर्ची दिली, पायाखाली स्टूल दिलं, गार सरबत आणि मग चहा दिला. बाहेर व्हॅनचं दार बंद, ड्रायव्हर गायब. तासाभराने आईने ४००० बाटचं एक पदक घेतलं. मी डोळे वटारले तर म्हणाली, "अगं, एवढं केलं पोरीने आपल्यासाठी. काहीतरी घ्यायला नको का?"

मंडळी, ही आपली भीड. हिच्यावरच ते दुकान चालतं. आपल्या आयांना कुणाच्या घरचा चहा पिऊन रिकाम्या हाताने उठता येत नाही, आणि हे त्या दुकानदाराला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

रात्री हॉटेलवर मुलं झोपल्यावर मी हॉटेलच्याच पॅडवर दोन रकाने आखले. सवय! दिवस नऊ तासांचा, म्हणजे ५४० मिनिटं. तीन "हायलाइट्स" मिळून ११०. दोन दुकानं मिळून १००. पिकअप ८०, जेवण ४५, आणि उरलेले २०५ मिनिटं रहदारीत, रांगेत आणि "अमुक मॅडम अजून आल्या नाहीत" यात. ज्यासाठी गेलो ते आणि ज्यासाठी नेलं ते, जवळजवळ समसमान. पैशांचा रकाना : पाच जणांचे ६०००, अधिक पदकाचे ४०००. म्हणजे स्वस्तातली टूर १०,००० बाटला पडली.

यात त्या पोराचा दोष मला वाटत नाही, हे मुद्दाम सांगते. त्याला आमच्याकडून जवळजवळ काहीच मिळत नव्हतं. त्याचं पोट दुकानाच्या कमिशनवर. माणूस खाल्ल्या मिठाला जागतो, तो दुकानाच्या मिठाला जागला. हा प्रकार थायलंडमध्ये एवढा जुना आहे की त्याला "झिरो डॉलर टूर" असं नावच आहे. पर्यटकाला खर्चाच्या खाली आणायचं आणि ठरलेल्या दुकानांतून वसूल करायचं. २०१६ साली तिथल्या सरकारने, मुख्यतः चीनहून येणाऱ्या अशा टूर्सवर मोठी कारवाईही केली होती. आपण सुशिक्षित, एक्सेल वापरणारी माणसं. आपण फसलो असं म्हणायलाही मला जड जातं, कारण सगळी बेरीज बुकिंगच्या पानावरच समोर होती. मी ती केली नाही एवढंच.

दुसऱ्या दिवशी आम्ही काही केलं नाही. आईचे गुडघे सुजले होते. लेक मात्र फोनमधला तो फोटो मोठा करून बघत बसली होती. घाईत काढलेला, थोडा हललेला. "आजी, ही मर्मेड कोण आहे?" आईने चष्मा लावून पाहिलं. म्हणाली, "आपल्याकडे नाही बाई अशी कुणी. पण तो मारुतीच आहे, हे नक्की."

तेव्हा मी खाली रिसेप्शनवर गेले आणि विचारलं की मला परवाना असलेली गाइड हवी आहे, एकच दिवस, एकच जागा, दुकान एकही नको. थायलंडमध्ये गाइडचं काम फक्त थाई नागरिकच करू शकतात आणि त्यांना सरकारी परवाना लागतो, फोटोचं कार्ड गळ्यात असतं. तिसऱ्या दिवशी सकाळी पन्नाशीच्या एक बाई आल्या. ठरलेली फी ३००० बाट. पहिला प्रश्न त्यांनी आम्हाला विचारला, "तुम्हाला काय बघायचंय?" मी म्हटलं, माझ्या मुलीला एक चित्र बघायचंय. त्या हसल्या. म्हणाल्या, "मग साडेआठला दार उघडतं तेव्हाच आत जाऊ. सगळे लोक बुद्धाकडे पळतात, आपण ओवरीत जाऊ. तिथे सावली आहे, आजींना बरं पडेल."

नुसत्या या एका वाक्यासाठी मी त्यांना ३००० बाट दिले असते.

ही चित्रं म्हणजे रामकियन, थाई लोकांचं रामायण. सगळी मिळून १७८ चित्रं आहेत आणि उत्तरेच्या दारापासून उजवीकडे प्रदक्षिणा घालत वाचत जायची असतात. पहिल्या राजाच्या काळात ती प्रथम काढली गेली, नंतर वेळोवेळी नव्याने रंगवली. राम हिरवा, लक्ष्मण सोनेरी, हनुमान पांढराशुभ्र. बाईंनी सगळी दाखवली नाहीत, पंधरा-वीस निवडली. दर चित्रापाशी थांबायच्या, सांगायच्या, आणि मग आमच्याकडे वळून विचारायच्या, "तुमच्याकडे ही गोष्ट कशी आहे?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी आणि नवरा एकमेकांकडे बघायला लागलो. जनक राजाला नांगरताना सीता सापडली, इथवर ठीक. पण बाई म्हणाल्या की ती रावणाची आणि मंदोदरीची मुलगी. कुळाचा नाश करील असं बिभीषणाने भाकीत केलं, म्हणून तिला जन्मतःच पेटीत घालून नदीत सोडलं. मी म्हटलं, "आमच्याकडे... वेगळं आहे." काय वेगळं, ते मला सांगता येईना. दोघेही मराठी शाळेत शिकलेले, नवरा तर लहानपणी रामनवमीच्या कीर्तनाला बसायचा म्हणे.

सांगू शकत होती ती आई. पण आईला इंग्रजी येत नाही आणि बाईंना मराठी. मधे उरली कोण? आमची लेक, जिच्या मराठीबद्दल मी या ग्रुपवर दोनदा रडगाणं गायलेलं आहे. शनिवारच्या मराठी वर्गाला जायचं म्हटलं की जिचं पोट दुखतं, ती.

पुढचे दोन तास तिने दुभाष्याचं काम केलं. मी काही शिकवायला गेले नाही, गप्प मागे चालत राहिले. "आजी, ती म्हणते की सीता रावणाचा मुलगी होता." आई : "अगं, होती. आणि काही नव्हती, हे बघ, तिला सांग..." मग आई सांगायची आणि लेक कपाळाला आठ्या घालून ते इंग्रजीत करायची. अडली की माझ्याकडे वळायची, "आई, नांगर म्हणजे? शाप म्हणजे कर्स ना? सत्त्व म्हणजे?" शेवटच्याचं उत्तर मलाही चटकन देता आलं नाही.

आणि मग ते चित्र आलं. लंकेला जायचा सेतू बांधताना वानर टाकत असलेले दगड समुद्रात नाहीसे होतात. हनुमान बुडी मारून बघतो तर रावणाची मुलगी सुवर्णमत्स्या आणि तिच्या मासोळ्या दगड पळवत आहेत. तो तिला पकडतो, आणि तिच्या प्रेमात पडतो. पुढे त्यांना मुलगा होतो, मच्छानु, माकडाचं अंग आणि माशाची शेपटी. लेकीने हे जरा घाबरतच मराठीत सांगितलं. आई ताठ उभी राहिली. "काय? मारुती? प्रेमात? अगं तिला म्हणावं, आमचा मारुती ब्रह्मचारी आहे हो! शनिवारी तेल घालतो आम्ही त्याला!"

बाईंना ते कळलं तेव्हा त्या एवढ्या हसल्या की पहारेकऱ्याने वळून पाहिलं. त्या म्हणाल्या, आमचा हनुमान शूर आहे, भक्त आहे, पण बायकांच्या बाबतीत जरा... आणि पुढे बोलल्याच नाहीत. आईने पदर तोंडाला लावला.

मग त्या आम्हाला पुढच्या एका भिंतीपाशी घेऊन गेल्या. तिथे हनुमान पर्वताएवढा झालाय आणि त्याच्या उघड्या तोंडात रामाचा मंडप आहे. पाताळातला राक्षस मैयराब रामाला पळवायला येणार असतो, म्हणून हनुमान त्याला तोंडात सांभाळतो. तरी तो राक्षस सगळ्यांना गुंगी घालून रामाला नेतोच. हनुमान मागोमाग पाताळात उतरतो, आणि तिथल्या वाटेवर पहाऱ्याला असतो मच्छानु. बाप-लेक एकमेकांना न ओळखता लढतात.

लेकीचं भाषांतर पुरं व्हायच्या आत आई ओरडली, "अहिरावण-महिरावण! आणि तो मकरध्वज! अगं, हा मकरध्वज तो!"

तिथे, बँकॉकच्या राजवाड्यातल्या ओवरीत, आईने नातवंडांना आणि त्या थाई बाईंना मकरध्वजाची गोष्ट सांगितली. लंका जाळल्यावर मारुती समुद्रावर आला, त्याच्या घामाचा थेंब पाण्यात पडला, तो मगरीने गिळला, आणि तिच्या पोटी मकरध्वज झाला. म्हणजे मुलगाही झाला आणि ब्रह्मचर्यही राहिलं. बाईंनी पर्समधून छोटी वही काढून ते लिहून घेतलं. म्हणाल्या, मी इतकी वर्षं हे सांगतेय, घामाचं मला माहीत नव्हतं.

मीही ही गोष्ट लहानपणी ऐकली असणार. आईनेच सांगितली असणार, दुसरं कोण सांगणार? पण माझ्या मुलांना मी ती तेरा वर्षांत सांगितलेली नव्हती.

बाकी त्या दिवशी आम्ही फारसं काही पाहिलं नाही. पाचूच्या बुद्धासमोर दहा-पंधरा मिनिटं नुसतं बसलो. पाय मूर्तीकडे करायचे नाहीत, मागे दुमडून बसायचं, असं बाईंनी सांगितल्यावर आई पुटपुटली, "हे काय सांगावं लागतं होय?" बाईंनी सांगितलं की या मूर्तीचे पोशाख ऋतूप्रमाणे वर्षातून तीनदा बदलतात आणि ते राजा स्वतः बदलतो. आईने लगेच पंढरपूर काढलं. धाकट्याने दारांवरचे राक्षस मोजले, बारा भरले. त्यातला हिरवा, दहा तोंडांचा तो तोत्सकान, म्हणजे दशकंठ रावण. आपल्याकडे ज्याला जाळतात तो तिथे देवळाचं दार राखतो. हे धाकट्याला इतकं पटलं की आता आमच्या घराच्या दारावर त्याने काढलेलं हिरवं काहीतरी चिकटवलेलं आहे.

निघताना बाईंनी शहराचं पूर्ण नाव म्हणून दाखवलं. बँकॉक हे परक्यांनी रूढ केलेलं. त्यांचं नाव क्रुंग थेप, देवांची नगरी, आणि पुढे एका दमात न संपणारी शेपटी. लेक भाषांतराला सरसावली, पण गरज पडली नाही. आईला मधले शब्द आपोआप ऐकू येत होते : महानगर, अमर, नवरत्न, राजधानी, आणि शेवटाकडे विश्वकर्मा.

मग साडेबाराला बोटीने नदी ओलांडली, पलीकडे भात-भाजी खाल्ली आणि दोन वाजता हॉटेलवर. हिशोब : गाइड ३०००, पाच तिकिटं २५००, बोट आणि जेवण मिळून ८०० धरा. ६३०० बाट. आधीच्या टूरच्या छापील किमतीपेक्षा ३०० जास्त, खऱ्या किमतीपेक्षा ३७०० कमी.

आता तुमच्यापैकी काही जण म्हणतील की हे सगळं पुस्तकात वाचून, स्वतः फिरून करता येतं. येत असेल. पण आपण सुट्टीआधीच्या रात्री एकपर्यंत क्लायंटच्या ईमेलना उत्तरं देणारी माणसं, कोण किती वाचून जातो ते मला माहीत आहे. आणि यूट्यूब आईला उलट प्रश्न विचारत नाही. दुसरं, परक्या शहरात आपल्या बाजूचं कुणीतरी असलं की बरं असतं. राजवाड्याच्या बाहेर एक टापटीप गृहस्थ आम्हाला सांगत होता की आज राजवाडा बंद आहे, माझ्या टुकटुकने चला, दुसरं देऊळ दाखवतो. ही तिथली जुनी युक्ती, आणि ते टुकटुकही शेवटी रत्नांच्याच दुकानात जातं. बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि तो बाजूला झाला.

काही जण म्हणतील, मग तीन ठिकाणांऐवजी एकच पाहिलंत. हो. वाट फो आणि वाट अरुण मला पहिल्या दिवसाच्या फोटोंतूनच आठवतात, आणि त्याची हळहळ आहे. खासकरून धाकट्याची ४८ वाडगी राहिली ती.

तेव्हा, प्रश्न विचारणाऱ्या ताई, तुमच्यासाठी. टूर बुक करण्याआधी तीनही तिकिटांची बेरीज करा आणि टूरच्या किमतीतून वजा करा. उरलेल्या रकमेत गाडी आणि माणूस बसतो का ते बघा. कंपनीला ईमेलवर विचारा की वाटेत दुकानं किती आणि प्रत्येक ठिकाणी मिनिटं किती. उत्तर गोलगोल आलं की समजून जा. त्यापेक्षा परवान्याची गाइड चार-पाच तासांसाठी घ्या, तिची फी तुम्ही स्वतः द्या, आणि दोनपेक्षा जास्त ठिकाणं करू नका. राजवाडा सकाळी साडेआठलाच, कारण साडेतीननंतर तिकीट मिळत नाही आणि दुपारचं ऊन सासूबाईंना सोसणार नाही. सासूबाई साडी नेसत असतील तर कपड्यांची चिंता नको. यजमानांना फुल पँट घालायला सांगा.

आणि एखादी गोष्ट सासूबाईंना माहीत असेल, तुम्हाला नसेल, तर तुम्ही मधे पडू नका. मुलांना भाषांतर करू द्या. व्याकरण चुकेल.

विचारणार आहात म्हणून आधीच सांगते, आईने सांगलीला परतल्यावर ते पदक सराफाला दाखवलं. त्याने भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "काकू, साखळी चांगली आहे."

शेवटचं. स्टॉपओव्हरमध्ये काही कारणाने शहरात जाणं झालंच नाही, तरी सुवर्णभूमी विमानतळावर, पासपोर्ट तपासणी ओलांडली की समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प आहे. खाली कासव, वर विष्णू, एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला असुर, नागाची दोरी. तिथे मुलांना घेऊन अर्धा तास उभं राहता येतं आणि सासूबाईंना बोलतं करता येतं. त्याला तिकीट नाही. दुकानं मात्र चारही बाजूंना आहेत, सांभाळा.